वाहूळ मॅडम आणि रिकामा रकाना

“आता मी गंगूबाई,” असे जाहीर करून वाहूळ मॅडम चष्मा कपाळावर सरकवत, पदर कमरेला खोचत आणि संगणकासमोरच्या खुर्चीत अशा बसत, की जणू ती एस.टी.तली जागा आहे आणि कुणीतरी आधीच तिच्यावर रुमाल टाकून ठेवला आहे. मग एकाच बोटाने कळा दाबू लागत. आवाजही बदलत असे.

“नाव इचारतंय. लिव्हलं, गंगूबाई. आता आडनाव इचारतंय. मला आडनाव नाय. पुढं जाऊ दे मला.”

पडद्यावर लाल अक्षरे उमटत: आडनाव भरणे आवश्यक आहे.

“अरे, नाय ना आडनाव! कुठून आणू? तुझं देतोस का?” हा प्रश्न मागे उभ्या असलेल्या श्रीरंगला असे. श्रीरंग आमच्या कंपनीचा मालक. तो कानापर्यंत लाल होई आणि म्हणे, “मॅडम, आडनाव सगळ्यांना असतं.”

“सगळ्यांना असतंय. सगळ्यांना सांगायचं असतंय का?”

त्यानंतर आडनावाचा रकाना ऐच्छिक होई. मॅडम चष्मा पुन्हा नाकावर घेत, गंगूबाई निघून जाई, आणि तिच्या जागी येत बटण दोनदा दाबणारे एक उतावीळ काका. त्यांच्यानंतर एक सून. तिचा मोबाइल नवऱ्याच्या खिशात असे, त्यामुळे मोबाइलवर आलेला ओटीपीचा आकडा तिला कधीच वेळेवर कळत नसे. कोणतेही काम गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ही सारी मंडळी आमच्या खोलीत येऊन भांडून जात. मी तिथे नवी होते तेव्हा मला वाटे, या बाईंच्या अंगात काहीतरी येत असावे. पुढे वाटले, ही त्यांची थट्टा आहे. आज दोन्ही वाटत नाही, आणि तिसरे काय वाटावे हे अजून ठरलेले नाही.

शहरातल्या उस्मानपुऱ्यात, एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर श्रीरंगचे कार्यालय होते. तिथे वेब अ‍ॅप्लिकेशन्स घडत. पोटात माहितीचा साठा असलेली. वर एक साधे पान दिसते, माणूस त्यावर बोट ठेवतो, आणि आत, त्याला न दिसणाऱ्या तक्त्यांतून ओळी उचलल्या जातात, चाळल्या जातात, क्रमाने लावल्या जातात आणि त्याच्यापुढे ठेवल्या जातात. मी मराठीची एम.ए., कवितेवरचा प्रबंध अर्ध्यावर सोडलेली. मला पडद्यावरच्या मराठीसाठी घेतले होते. बटणावर काय लिहावे, माणूस चुकला तर त्याच्याशी कोणत्या स्वरात बोलावे, हे ठरवणे माझे काम. माझे नाव मॅडमनी एकदाही घेतले नाही. त्या मला ‘साहित्य’ म्हणत. “ए साहित्य, इकडं ये. हे बटण लई रुसल्यासारखं बोलतंय, त्याला जरा माणसात आण.”

श्रीरंग त्यांचा तंत्रनिकेतनातला विद्यार्थी. ती नोकरी त्यांनी का सोडली, याची निरनिराळी उत्तरे मी त्यांच्याच तोंडून ऐकली आणि ती एकमेकांशी जुळत नसत. पोरे ऐकत नव्हती, असे एकदा म्हणाल्या. पोरे लई ऐकत होती, असे पुन्हा कधीतरी. विचारायला गेले की चष्मा पुसू लागत. त्यांचा आवाज रुंद होता, थोडा भाजलेला, वांग्यावर उठतो तसा धुराचा एक पापुद्रा त्यावर असे. बोटांची टोके खडूने वर्षानुवर्षे कोरडी झालेली. पाणी पिताना पेला उजेडाकडे धरून बघत आणि मगच ओठांना लावत. त्या पाण्यात काय शोधत, मला कळले नाही.

तक्ते एकमेकांना कसे जोडायचे, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावले होते, आणि समजावल्यावर माझा गोंधळ दुप्पट झाला होता.

“साहित्य, भाच्यांच्या पाठीवर मामाचा पत्ता लिहितो का आपण?”

“नाही.”

“मग? भाच्याजवळ फक्त मामाची खूण ठेवायची. मामाचा पत्ता मामाजवळ. एकाच ठिकाणी. उद्या मामानं घर बदललं तर सगळ्या भाच्यांच्या पाठी घासत बसायला नको.”

“आणि एखाद्याला मामाच नसेल तर?”

त्या खिडकीतून खालच्या रिक्षा बघू लागल्या. “तर ती जागा रिकामी ठेवायची. खोटा मामा लिहायचा नाय.”

“म्हणजे शून्य लिहायचं?”

“शून्य कशाला? शून्य म्हणजे इचारलं, मोजलं, अन् काय निघालं नाय. रिकामं म्हणजे अजून काय घडलंच नाय. दोन्हीत लई अंतर हाय बाई.”

दोन ओळींमधली मोकळी जागा बोलत असते, असे कवितेने मला शिकवले होते. इथली मोकळी जागा बोलत नव्हती. ती नुसती वाट पाहत होती. संध्याकाळी घरी जाताना कडुनिंबाच्या मोहोराचा कडसर गोड वास रस्ताभर पसरला होता आणि माझ्या डोक्यात बिनमामाचे भाचे हिंडत होते.

ती वर्षे पावसाने पाठ फिरवल्याची. पैठणच्या धरणात पाण्यापेक्षा तळाच्या भेगाच जास्त दिसत, असे तिकडून येणारे सांगत. आमच्या कार्यालयातला कूलर पाण्यावाचून नुसता फिरे; वाळ्याच्या ताट्यांना ओल्या गवताऐवजी जुन्या पोत्याचा वास येई. आणि नेमक्या त्याच वर्षांत शहर दोन्ही हातांनी पसरत होते. पैठण रस्त्याला चितेगावपर्यंत माळावर चुन्याच्या रेघा पडल्या होत्या. रेघांवर खांब, खांबांवर घरे. घरे पुढे पळत आणि नळ मागे राहत. अशा नळ न पोचलेल्या वस्त्यांना टँकर पुरवणाऱ्या एका संस्थेने श्रीरंगला काम दिले: कोणत्या वस्तीला पाणी कधी जाईल, हे ठरवणारे आणि दाखवणारे वेब अ‍ॅप्लिकेशन.

नियम मॅडमनी बसवला, आणि तो लहान मुलालाही समजेल असा होता. ज्या वस्तीला शेवटचे पाणी मिळून सर्वांत जास्त काळ लोटला, ती सर्वांत पुढे. टँकर रिकामा झाला की वस्तीतल्या कुणीतरी आपल्या मोबाइलवर ‘पाणी पोचले’ हे बटण दाबायचे. त्या दिवसाची तारीख वस्तीच्या ओळीत जाऊन बसे आणि वस्ती आपोआप यादीच्या तळाला जाई. बटणावरचे ते दोन शब्द माझे. यादी मात्र कुणालाही, केव्हाही बघता आली पाहिजे, हा मॅडमचा हट्ट. “सगळ्यांना दिसती ती यादी. नुसती आपल्याला दिसती तो दरबार,” असे त्या म्हणाल्या, आणि संस्थेच्या लोकांना ते फारसे रुचले नसले तरी मान्य करावे लागले.

पहिला उन्हाळा सुरळीत गेला. त्या उन्हाळ्यात एक गृहस्थ जिना चढून आले. पांढरे कपडे, अंगाला मोगऱ्याचे अत्तर. बीड बायपासकडे त्यांनी बंगल्यांची एक वसाहत उभी केली होती. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, “मॅडम, आमचं जरा वर घ्या. तुमच्याच तर हातात बटण आहे.”

“व्हय, बटण हाय,” मॅडम म्हणाल्या आणि वळल्या. “श्रीरंग, क्रमाच्या भागाची किल्ली तुझ्याकडं घे. माझी बंद कर.”

“आत्ता?”

“यांच्या देखत.”

श्रीरंगने चार कळा दाबून मॅडमचा पासवर्ड बंद केला. मॅडमनी खात्री करून घेतली की त्यांना आता तो भाग उघडत नाही, आणि पाहुण्यांकडे बघून हसल्या. “आता माझ्या हातात बटण पण नाय. चहा घेणार?”

गृहस्थ श्रीरंगकडे वळले. श्रीरंग म्हणाला, “मॅडमनी सांगितल्याशिवाय मी हात लावत नाही.”

“अहो, मग यादी लावतं कोण?”

“नियम.”

“मग त्या नियमाला जरा सांगा की आमच्याबद्दल.”

“त्याला कान ठेवले नायत,” मॅडम म्हणाल्या. “साखर किती?”

चहा न घेताच ते उतरले. मोगऱ्याचा वास मात्र दुपारभर जिन्यात रेंगाळला. मी मॅडमना विचारले, “तुम्हाला स्वतःचा भरवसा नाही का?”

“हाय की. म्हणून तर किल्ली दिली.”

हे उत्तर मी अजून उलगडते आहे.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी श्रीरंगने सारा साठा एका डेटाबेसमधून काढून दुसऱ्या, अधिक भक्कम म्हटल्या जाणाऱ्या डेटाबेसमध्ये हलवायचा ठरवला. हलवण्याचे काम मॅडमनी स्वतः केले, क्रमाच्या नियमाला हात न लावता. सगळी सोंगे घेऊन झाली. गंगूबाईला तिचा क्रम बरोबर मिळाला, उतावीळ काकांचे दोनदा दाबलेले बटण एकदाच मोजले गेले, सुनेलाही न्याय मिळाला. सगळे आलबेल होते. दरम्यान शहर वाढतच होते आणि यादीत नव्या वस्त्या येत होत्या.

एके दिवशी फोन उचलणारी मुलगी रजेवर होती, म्हणून वाजला तेव्हा मी उचलला.

“हॅलो, पाण्याचं हापिस का?”

“हो, बोला.”

“ओ बाई, तुमच्या कॉम्प्युटरला आमी दिसतो का नाय? मी चंद्रकला बोलते, माळवस्तीवरनं. चितेगावच्या अलीकडं.”

मी पान उघडून पाहिले. “दिसता ना. शेवटच्या ओळीत आहात.”

“परवा बी शेवटीच होतो. त्याच्या आधी बी. रांग पुढं सरकती का आमीच मागं सरकतो?”

“नंबरानं येईल, काकू.”

“हे तर वाहूळबाई बी म्हणती.”

“कोण?”

“तुमच्याच हापिसातली की! आमच्या गल्लीत राहती. दोन खोल्या बांधल्यात तिनं. रोज सकाळी आमच्यासंगं शेतातल्या हिरीवर येती घागर घेऊन. आमी म्हणतो, पाण्याचं कॉम्प्युटर तूच केलंस ना गं, मग आमच्या मागं कशाला हुबी? तर नुसती हसती.”

मी वर पाहिले. खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात मॅडम चष्मा पुसत होत्या. इमारतीच्या कूपनलिकेला पिण्यापुरते पाणी होते. आम्ही सारे जण घरी जाताना इथून बाटल्या भरून नेत असू. मॅडमनी कधी भरल्याचे मला आठवेना.

“मॅडम, तुम्ही माळवस्तीत राहता?”

“व्हय.”

“ती यादीत शेवटी आहे.”

“असंल.”

“रोजच शेवटी असते म्हणतात.”

“नंबरानं येईल.”

“एकदा बघा तरी.”

“माझ्या वस्तीची ओळ मी बघत नसते, साहित्य. बघितलं की हात शिवशिवतो.”

मी श्रीरंगकडे गेले. तो म्हणाला, “मॅडम म्हणतात नियम बरोबर आहे, म्हणजे बरोबर आहे.” एकेकाळचा विद्यार्थी होता तो, फळ्यावर जे लिहिले जाई ते उतरवून घेण्याची त्याच्या हाताला सवय होती. मी जागेवर येऊन बसले. एक बाई आपल्या दारात पाणी यावे म्हणून बोट उचलत नाही, हे मोठेपण. पण तिच्या शेजारणीही त्याच दारांच्या रांगेत राहतात. मग हे मोठेपण कुणाच्या खर्चाने? त्या दुपारी मी एकाही बटणाला नीट शब्द देऊ शकले नाही.

चंद्रकलाबाईंचा फोन पुन्हा आला. या वेळी आवाजात थट्टा नव्हती. “बाई, हिरीचं पाणी तळाला लागलं. शेतवाला परवापासून कुलूप लावतो म्हणतोय. त्याचं बी चूक नाय, त्याच्या म्हशी हायत. पर आमी जायचं कुठं? इथं बाळंतीण हाय एक.”

मी फोन ठेवला आणि मॅडमच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. “तुम्ही बघू नका. मी वाचते, तुम्ही नुसतं ऐका.” मी वरपासून वाचू लागले: वस्तीचे नाव, शेवटच्या पाण्याची तारीख. पुढची वस्ती, तारीख. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, जणू कुणी श्लोक म्हणून दाखवत आहे आणि त्या उच्चार तपासत आहेत. तळाशी आल्यावर मी थांबले.

“वाच की.”

“वाचायला काही नाही. माळवस्ती, आणि पुढे तारखेचा रकाना रिकामा आहे. तिच्या बरोबरच्या दोन नव्या वस्त्यांचाही.”

मॅडमनी डोळे उघडले. कूलरचा पंखा कोरडा खडखडत होता. “म्हंजे,” त्या सावकाश म्हणाल्या, “ज्यांना एकदा बी पाणी गेलं नाय...”

“त्या सगळ्यांच्या मागे आहेत.”

“अन् मागंच राहणार. जलमभर. कारण पाणी गेल्याबिगर तारीख पडणार नाय, अन् तारीख पडल्याबिगर पाणी जाणार नाय.”

त्यांनी चष्मा काढून मेजावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मला अनोळखी वाटला, नुकत्याच झोपेतून उठवलेल्या माणसासारखा. “जुना डेटाबेस रिकाम्याला सगळ्यांच्या पुढं बसवायचा. मी सांगितलं नव्हतं, त्याचं तोच बसवायचा. हा नवा मागं बसवतोय. मी दोघांना बी इचारलं नाय, रिकाम्याचं तुम्ही काय करता म्हणून.” मग त्यांनी चष्मा उचलून पुन्हा खाली ठेवला. “गंगूबाईला पाणी मिळालेलं होतं, साहित्य. त्या काकाला बी, सुनेला बी. सगळ्यांचं सोंग घेतलं मी. माझं घ्यायचं राहिलं.”

श्रीरंग धावत आला. त्याला सोपा उपाय लगेच दिसला. “त्या वस्त्यांना एखादी जुनी तारीख टाकून देतो, मॅडम. आत्ता वर येतील.”

“जुनी तारीख? त्या दिवशी पाणी पिलं कोण?”

श्रीरंगने कळांवरचा हात मागे घेतला. मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या आणि पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. किल्ली त्याच्याकडे होती. त्या सांगत गेल्या, तो लिहीत गेला. क्रम लावताना रिकामे आधी. रिकाम्यांमध्ये ज्याची नोंदणी जुनी ते आधी. मग तारखा. श्रीरंगने पान पुन्हा उघडले आणि त्याचा आवाज खाली आला.

“मॅडम, माळवस्ती पहिली आली. तिघींत तिचीच नोंदणी जुनी आहे.”

त्या न वळताच म्हणाल्या, “दुसरी आली असती तर बरं झालं असतं.”

“करू का दुसरी?”

“हात लावू नको!” त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या, की खालच्या दुकानातली बोलणीही क्षणभर थांबली.

यादी सगळ्यांना दिसत होती. तासाभरात फोन सुरू झाले. मोगऱ्याच्या अत्तरवाले गृहस्थ फोनवर फार गोड बोलले. “काल शेवटी, आज पहिली! छान आहे. कुणाची वस्ती आहे हो ती?” श्रीरंगने मला यादीच्या वर टाकायला एक निवेदन लिहून मागितले. मी लिहिले: ‘काही तांत्रिक कारणास्तव क्रमात बदल झाला आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

मॅडमनी ते वाचले. “हे कुणी लिव्हलं?”

“मी.”

“अन् हे केलं कुणी?”

“म्हणजे?”

“बदल झाला म्हणतेस. आपोआप झाला? साहित्य, एवढं शिकलीस, अन् तुझ्या वाक्यात एक बी माणूस नाय.”

मग त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. ‘क्रम लावण्यात माझी चूक झाली. ज्या वस्त्यांना एकदाही पाणी मिळाले नव्हते, त्या चुकीमुळे मागे राहिल्या. आज ती चूक दुरुस्त केली आहे. या वस्त्यांपैकी एकीत मी स्वतः राहते. सुमन वाहूळ.’

श्रीरंग मधे पडला. “मॅडम, नाव नको. आणि तुम्ही तिथे राहता हे तर मुळीच नको. काम जाईल आपलं.”

“लोक हुडकून काढणारच हायत. त्यांना कशाला तरास?”

मी श्रीरंगला कधी आवाज चढवताना पाहिले नव्हते. त्याने तो चढवला. “हे तुम्ही माळवस्तीसाठी करत नाही आहात, मॅडम. पाणी तर आता जाणारच आहे. हे तुम्ही स्वतःसाठी करताय. तुम्हाला स्वच्छ दिसायचंय!”

मला वाटले, त्या रागावतील. त्या त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या, एखाद्या विद्यार्थ्याने अनपेक्षितपणे अवघड गणित सोडवावे तशा. “असंल,” त्या म्हणाल्या. “असंल बाबा. तरी टाक.”

त्याने टाकले. दिवस मावळायच्या आत संस्थेतून फोन आला. ज्या व्यक्तीचे घर यादीत आहे, तिचा हात या कामात नको. त्यांना आजच दूर करा, नाहीतर काम दुसरीकडे देऊ. श्रीरंग फोन हातात धरून तसाच बसला. मॅडमना ते त्याच्या चेहऱ्यावरून कळले असावे. त्यांनी पर्स उचलली. “बरोबरच हाय त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर मी बी हेच केलं असतं.” जिन्याच्या तोंडाशी थांबून माझ्याकडे वळल्या. “ते बटण चांगलं लिव्हलंयस. पाणी पोचले. त्यात माणूस नाय, तरी चालतंय.” हसल्या की नाही, मला दिसले नाही. जिन्यात अंधारून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उस्मानपुऱ्याला न जाता पैठणची एस.टी. धरली. का, हे मी कंडक्टरलाही सांगू शकले नसते. चितेगावच्या अलीकडे उतरले. माळावर ऊन आधीच पांढरे झाले होते. विटांची, पत्र्यांची, अर्धवट गिलाव्याची घरे. मधोमध टँकर उभा, आणि त्याच्या शेपटीला बायकांचा थवा. तापलेल्या मातीवर पाणी सांडल्याचा वास इतका दाट होता, की तो जिभेवर जाणवत होता. सगळ्यांत मोठा आवाज जिचा, ती चंद्रकलाबाई, हे मला सांगावे लागले नाही. उंच, रुंद कपाळाची बाई. पाइप तिच्याच हातात होता. “बाळंतिणीचे दोन ड्रम आधी! ए, मधी घुसू नको, तुझा नवरा काय कलेक्टर हाय व्हय!”

वाहूळ मॅडम रांगेत शेवटी होत्या. फिकट राखाडी पोलके, पदर कमरेला खोचलेला, पायाशी घागर. मी पत्र्याच्या एका सावलीला उभी राहिले. त्यांनी मला पाहिले नाही, किंवा पाहिल्याचे दाखवले नाही. सगळ्यांची भांडी भरली. त्यांची घागर भरता भरता पाइपाची धार बारीक झाली आणि थांबली. घागर गळ्यापर्यंत आली होती. ड्रायव्हर हात पुसत म्हणाला, “चला, बटण दाबा बाई. मला पुढच्या वस्तीला जायचंय. तिथं बी पहिलाच टँकर हाय.”

चंद्रकलाबाईंनी ओल्या हाताने मोबाइल काढला. एका तरुण सुनेने मॅडमना विचारले, “मावशी, नाय दाबलं तर काय व्हतं?”

मॅडमनी खरे सांगितले. “रकाना रिकामाच राहतो.”

“मंग?”

“मंग पुढच्या बारीला बी आपणच पहिले.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. मग सारा थवा एकदम हसला. “मंग नको दाबू! अजाबात नको दाबू! ड्रायव्हरदादा, तुमी काय बघितलं नाय!” ड्रायव्हरही हसत होता. चंद्रकलाबाईंनी मोबाइल मॅडमच्या हातात कोंबला. चंद्रकलाबाई स्वतः मात्र हसत नव्हत्या. “तूच ठरव बाई. आमच्या पोरांचं पाणी हाय, अन् तुझं बी. आता तर तुझी नोकरी बी नाय ऱ्हायली. कुणाला भ्यायचं?”

मॅडमनी अंगठा पदराला पुसला. पडद्यावर माझे दोन शब्द असणार. त्या उभ्या राहिल्या. इतका वेळ, की हसणे विरले, आणि बायका एकमेकींकडे न बघता त्यांच्या अंगठ्याकडे बघू लागल्या. काय ठरवायचे होते त्यांना? त्या बायकांसारख्याच त्याही तहानलेल्या होत्या. मला वाटले, त्या दाबणार नाहीत. मला वाटले, त्यांनी दाबू नये. आणि त्याच क्षणी मला पुढच्या वस्तीतल्या कोरड्या घागरी दिसत होत्या.

त्यांनी दाबले. “गेलो आपण तळाला,” त्या म्हणाल्या आणि मोबाइल परत दिला.

चंद्रकलाबाईंनी मोबाइलकडे पाहिले आणि मॅडमच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मॅडम पुढे झुकल्या. घागरीतले थोडे पाणी हिंदकळून मातीत गेले. पुन्हा हसू उसळले, टँकरचे यंत्र धडधडले, आणि त्या गलक्यात चंद्रकलाबाई काहीतरी बोलल्या. ते मला ऐकू आले नाही. शिवी होती की लाड होता, तिच्या चेहऱ्यावरूनही सांगता येत नव्हते. ओल्या हाताने ती डोळे पुसत होती आणि ऊन सरळ तोंडावर होते.

मॅडमनी घागर कमरेवर घेतली आणि गल्लीकडे निघाल्या. पाठीवर राखाडी पोलक्यात पाच बोटांचा ओला पंजा उमटला होता, पानासारखा स्वच्छ. मी त्याच्याकडे बघत राहिले. आधी बोटांची टोके गेली, मग बोटे. तळव्याचा एक गडद ठिपका तेवढा राहिला. गल्लीच्या वळणापर्यंत पोचण्याआधीच उन्हाने तोही पिऊन टाकला, आणि मग वाहूळ मॅडम वळल्या.